ट्रेड सिक्रेटचा दावा करायचाय? मग आधी ते सिक्रेट कागदावर उतरवा

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात परत मांडते, म्हणजे उत्तर नीट लागेल. भोसरीत तुमचा रबर पार्ट्सचा कारखाना आहे, चौदा वर्षं तुमच्याकडे असलेला प्रॉडक्शन मॅनेजर सोडून गेला, आणि आठ महिन्यांत चाकणच्या एका कंपनीकडून अगदी तुमच्यासारखाच सस्पेन्शन बुश, म्हणजे गाडीच्या सस्पेन्शनमधला रबरी पार्ट, बाजारात आला. तुम्ही नोटीस पाठवली, त्यात लिहिलं की "आमचे फॉर्म्युले, प्रोसेस, डिझाइन्स, ग्राहकांची यादी, किमती व इतर सर्व गोपनीय माहिती" त्यानं वापरली. त्यांच्या वकिलांचं एका ओळीत उत्तर आलं, कोणती माहिती ते सांगा. आता तुमचे वकील म्हणतात दाव्यात तपशील द्यावा लागेल, आणि तुम्हाला वाटतंय की फॉर्म्युला कोर्टाच्या कागदात लिहिला तर गुपित उरलंच कुठं, त्यापेक्षा आत्ता मोघम लिहून मनाई घ्यावी आणि तपशील पुढं पुराव्याच्या वेळी द्यावा.

असं करू नका. मी बावीस वर्षं पुण्यात आणि मुंबईत वकिली करतेय, अशा दाव्यांत कधी कारखानदाराकडून तर कधी सोडून गेलेल्या माणसाकडून उभी राहिलेय, आणि माझ्या बघण्यातले जास्तीत जास्त दावे एकाच कारणानं पडले, ते म्हणजे वादीला आपलं गुपित नक्की काय हेच सांगता आलं नाही. चोरी झाली नव्हती असं नाही बरं का. काही ठिकाणी झाली होती, मला आतून माहीत होतं की झालीय, तरी निशाणी ५ चा अर्ज, म्हणजे दावा चालू असेपर्यंतच्या अंतरिम मनाईचा अर्ज, फेटाळला गेला.

त्यातला पहिला दावा मी स्वतः ड्राफ्ट केलेला होता म्हणून तो सांगते. चिकटपदार्थ बनवणारी एक छोटी कंपनी होती, मालक केमिस्ट, सगळं आयुष्य त्या एका उत्पादनात घातलेला माणूस. मी एकेचाळीस पानांचा दावा लिहिला, विश्वासघात कसा झाला, किती नुकसान झालं, माणूस कधी गेला, कुठं गेला, सगळं. सुनावणीला न्यायाधीश साहेबांनी एवढंच विचारलं की वकीलबाई, सिक्रेट कोणत्या पानावर आहे. मी पानं उलटत राहिले आणि ते कुठंच नव्हतं, सगळीकडे फक्त "वादीचा गुप्त फॉर्म्युला" एवढेच शब्द. अर्ज गेला, अपिलात पण काही झालं नाही, आणि त्या मालकाचं जे नुकसान झालं त्यात माझ्या ड्राफ्टिंगचा वाटा होता हे मी आजही विसरलेले नाही. तेव्हापासून अशील कितीही घाईत असला तरी गुपित कागदावर आल्याशिवाय मी दाव्याची पहिली ओळ लिहीत नाही.

आता कोर्ट एवढं अडून का बसतं ते समजून घ्या, नाहीतर तुम्हाला ते नुसतं तांत्रिक खुसपट वाटेल.

एक तर आपल्याकडे ट्रेड सिक्रेटसाठी वेगळा कायदाच नाही. पेटंटला आहे, ट्रेडमार्कला आहे, कॉपीराइटला आहे, याला नाही. लॉ कमिशननं मार्च २०२४ मध्ये २८९ वा अहवाल दिला, त्यात वेगळा कायदा करा म्हटलंय आणि मसुदाही जोडलाय, पण आज आपण दावा लावतो तो करार आणि विश्वासाचं नातं या दोन पायांवर. पेटंटमध्ये तुमचा हक्क कुठून कुठपर्यंत ते सरकारी कागदावर छापलेलं असतं. इथं रजिस्टर नाही, सर्टिफिकेट नाही, कुंपण तुम्हालाच घालून दाखवायचंय. शेतजमिनीचा दावा गट नंबर आणि चतुःसीमा न लिहिता कोणी लावेल का? "गावातली माझी जमीन समोरच्यानं बळकावली" एवढ्यावर कोर्ट ताबा देईल का? हे तसंच आहे.

दुसरं, दिवाणी प्रक्रिया संहितेतच लिहिलंय. ऑर्डर ६ रूल २ म्हणतो की ज्या महत्त्वाच्या घटनांवर तुमचा दावा उभा आहे त्या दाव्यात आल्या पाहिजेत, आणि रूल ४ म्हणतो की फसवणूक, विश्वासघात असले आरोप असतील तर तपशील द्या, लागेल तिथं तारखा आणि बाबींसकट. तुमचा सगळा दावा विश्वासघाताचाच आहे. त्यामुळे तपशील पुराव्याच्या वेळी देऊ हे चालतच नाही, कारण जे दाव्यात नाही त्याचा पुरावा द्यायलाच समोरचा वकील हरकत घेणार आणि ती हरकत बरोबर असणार. नंतर दुरुस्ती अर्ज देऊ म्हणाल तर एकदा साक्षीपुरावा सुरू झाला की ऑर्डर ६ रूल १७ खाली दुरुस्ती मिळणं फार अवघड, आणि मिळाली तरी कोर्टाच्या मनात प्रश्न उरतोच की हे गुपित पहिल्या दिवशी का आठवलं नाही.

तिसरं कारण माझ्या मते सगळ्यात मोठं. समजा कोर्टानं तुम्हाला मोघम मनाई दिली, की "प्रतिवादीनं वादीची गोपनीय माहिती वापरू नये". हा हुकूम तो माणूस पाळणार कसा? उद्या सकाळी शॉप फ्लोअरवर उभा राहून त्यानं काय करायचं नाही? कार्बन ब्लॅक वापरायचा नाही? गंधक शेवटी घालायचं नाही? मोल्डचं टेंपरेचर तपासायचं नाही? मनाई मोडली तर ऑर्डर ३९ रूल २ए खाली मालमत्ता जप्त होते, तीन महिन्यांपर्यंत दिवाणी कैद होऊ शकते. ज्या हुकमाची सीमा कळत नाही तो मोडला म्हणून एखाद्याला आत टाकायचं, हे कुठलंही कोर्ट करणार नाही आणि करू पण नये.

मी एका अशा माणसाच्या बाजूनं पण उभी राहिलेय. डाय मेकर होता, बेचाळीस वर्षांचा, दोन मुलं शाळेत. जुन्या मालकानं दावा लावला, त्यात "तांत्रिक माहिती व नो-हाऊ" एवढंच, आणि नव्या कंपनीला दाव्याची कॉपी पाठवून दिली. नव्या कंपनीनं घाबरून त्याला घरी बसवलं. दीड वर्ष तो माझ्याकडे यायचा आणि एकच विचारायचा, मॅडम मी नक्की काय करायचं नाही ते तरी सांगा, मी ते सोडून बाकीचं करतो. मला सांगता येत नव्हतं कारण दाव्यातच नव्हतं. शेवटी अर्ज फेटाळला गेला पण ती दीड वर्षं त्याला कोणी परत दिली नाहीत. म्हणून मला तपशीलाचा हा नियम मनापासून पटतो, त्यामुळे खऱ्या मालकाचा हक्क टिकतो आणि हातात कसब असलेल्या माणसाचं पोटही वाचतं.

कारण हातातलं कसब हे त्या माणसाचं असतं. चौदा वर्षांत तुमच्या मॅनेजरला मिक्सिंग मिलवर रबराला हात लावून कळायला लागलं की बॅच तयार झाली की नाही, हे तुमच्याकडे शिकला असेल पण ते तुमचं नाही. करार कायद्याचं, म्हणजे १८७२ च्या काँट्रॅक्ट अ‍ॅक्टचं कलम २७ सांगतं की धंदा किंवा पेशा करायला बंदी घालणारा करार रद्दबातल. बरेच वकील इथं गोलिकरी केस काढतात, तुमच्या वकिलांनी पण काढली असेल, निरंजन शंकर गोलिकरी विरुद्ध सेंच्युरी स्पिनिंग, सुप्रीम कोर्ट, १९६७. कल्याणजवळच्या सेंच्युरीच्या टायर कॉर्ड प्लांटमधले शिफ्ट सुपरवायझर मधेच सोडून कोट्याला राजस्थान रेयॉनमध्ये गेले आणि सुप्रीम कोर्टानं मनाई कायम ठेवली. पण ती केस नीट वाचा. करार पाच वर्षांचा होता, ती पाच वर्षं संपलेली नव्हती, आणि मनाई तेवढ्याच मुदतीपुरती होती. शिवाय परदेशी कंपनीकडून आलेलं तंत्रज्ञान गुप्त ठेवायचं बंधन कागदावर होतं. तुमचा मॅनेजर राजीनामा देऊन, नोटीस पिरियड भरून गेलाय. नोकरी संपल्यावरची बंदी चालत नाही हे सुप्रीम कोर्टाच्या १९८० च्या कृष्ण मुरगई केसमध्ये न्यायमूर्ती ए. पी. सेन यांनी आपल्या वेगळ्या निकालपत्रात लिहिलेलं आहे, त्यामुळे "दोन वर्षं याच लाइनमध्ये काम करणार नाही" हे तुमच्या अपॉइंटमेंट लेटरमधलं वाक्य तुम्हाला वाचवणार नाही. तुम्हाला वाचवेल ते नेमकं गुपित, बाकी काही नाही.

ही सगळी चर्चा जिथून सुरू होते ती इंग्लंडची १९६८ ची कोको विरुद्ध क्लार्क केस, आणि आपली कोर्टं आजही तिचाच आधार घेतात. कोको नावाच्या माणसानं मोपेडचं इंजिन डिझाइन केलं, क्लार्क कंपनीशी बोलणी झाली, फिसकटली, आणि कंपनीनं स्वतःची मोपेड काढली. न्यायमूर्ती मेगरींनी तीन गोष्टी सांगितल्या: माहिती मुळात गोपनीय दर्जाची हवी, ती विश्वासानं दिलेली हवी, आणि तिचा परवानगीशिवाय वापर झालेला हवा. हे तिन्ही मुद्दे सगळ्यांना पाठ असतात. पण पुढचं फार कमी जण सांगतात, की कोको ती अंतरिम मनाई हरला. कारण त्यानं दिलेल्या माहितीतली नेमकी कोणती गोष्ट गोपनीय आणि कोणती कुठल्याही इंजिनिअरला ठाऊक असलेली, हे त्याला पुरेसं दाखवता आलं नाही. कंपनीनं तोपर्यंत दर इंजिनामागं पाच शिलिंग वेगळ्या खात्यात ठेवायची हमी दिली आणि तिथंच ते थांबलं.

जवळचं उदाहरण हवं असेल तर झोंबिवली सिनेमाचं घ्या. एका लेखकाचं म्हणणं होतं की त्यानं आपली झोंबीची गोष्ट निर्मात्यांना विश्वासानं पाठवली होती आणि तीच वापरून हा सिनेमा बनवला. मुंबई हायकोर्टात न्यायमूर्ती गौतम पटेलांसमोर २०२१ मध्ये प्रकरण चाललं, अंतरिम मनाई मिळाली नाही, जानेवारी २०२२ मध्ये सिनेमा लागला. गोपनीय म्हणून नक्की काय दिलं होतं ते वादीनं अचूक दाखवलं पाहिजे, ते पुरेसं पक्कं झालेलं पाहिजे आणि त्यात त्याचं स्वतःचं काही पाहिजे, नुसती हवेत तरंगणारी कल्पना चालत नाही, हा त्या निकालाचा गाभा. आता याच्या शेजारी २००३ ची झी टेलिफिल्म्स विरुद्ध सनडायल ठेवून बघा, तेच मुंबई हायकोर्ट, विषय तसाच, टीव्ही मालिकेची कल्पना. तिथं सनडायलची मनाई टिकली. फरक काय होता तर सनडायलकडं लिहून काढलेली कन्सेप्ट नोट होती, लेखकांच्या संघटनेकडं नोंदवलेली होती, गोष्ट कशी पुढं जाते ते तिच्यात होतं. दोन्ही कागद शेजारी ठेवून कोर्टाला ताडून बघता आलं. ज्याला कागदाशी कागद लावता येतो तो जिंकतो, निदान अंतरिम टप्प्यावर तरी.

आणि हे फक्त लहान लोकांचं दुखणं नाही. अमेरिकेत गुगलच्या घरातली वेमो कंपनी २०१७ मध्ये उबरवर गेली, स्वयंचलित गाड्यांच्या तंत्रज्ञानावरून, सोडून गेलेल्या इंजिनिअरनं चौदा हजार फाइली डाउनलोड केल्या असा आरोप. त्यांनी शंभराच्या वर ट्रेड सिक्रेट्सची यादी दिली. न्यायाधीश अल्सप यांनी ती कापायला लावली आणि प्रत्यक्ष ट्रायलला उभी राहिली फक्त आठ. फेब्रुवारी २०१८ मध्ये ट्रायल सुरू होऊन काही दिवसांतच तडजोड झाली. एवढे पैसे, एवढे वकील असून शेवटी आठावर यावं लागलं, तर आपण "इतर सर्व गोपनीय माहिती" लिहून काय मिळवणार? कॅलिफोर्नियाच्या राज्य कायद्यात तर नियमच आहे की वादीनं आपलं ट्रेड सिक्रेट पुरेशा नेमकेपणानं सांगितल्याशिवाय त्याला समोरच्याचे कागद मागता येत नाहीत. कारण उघड आहे. आधी समोरच्याचे कागद बघायचे आणि मग त्याच्याकडं जे सापडलं ते "हेच आमचं गुपित होतं" म्हणायचं, ही पळवाट बंद करायला हवी होती.

आता तुमच्या कारखान्यात येऊ. रबरातलं मला जे कळतं ते अशिलांकडून शिकलेलं आहे, चुकलं तर तुम्ही दुरुस्त कराल. नॅचरल रबर, कार्बन ब्लॅक, झिंक ऑक्साइड, स्टिअरिक अ‍ॅसिड, अँटिऑक्सिडंट, गंधक, अ‍ॅक्सिलरेटर, हे तर कॉलेजच्या पुस्तकात आहे. गंधक शेवटी घालायचं नाहीतर माल स्कॉर्च होतो, म्हणजे साच्यात जायच्या आधीच पक्का व्हायला लागतो, हे पण पुस्तकात आहे. हे सगळं दाव्यात "आमचा फॉर्म्युला" म्हणून लिहिलंत तर समोरचा वकील पुस्तक उघडून ठेवेल आणि तुमचा खरा मुद्दा पण त्याच्याबरोबर वाहून जाईल. मग तुमचं काय आहे? तुमच्या लॅबमधल्या माणसाला घेऊन बसा आणि एक ताव घ्या, मधोमध रेघ मारा. डावीकडं जे जे बाजारात, पुस्तकात, सप्लायरच्या डेटाशीटमध्ये मिळतं ते. उजवीकडं जे फक्त तुमच्याकडं आहे आणि ज्यासाठी तुम्ही ट्रायल घेतल्या ते. खरं सांगते, उजवी बाजू तुम्हाला वाटते त्यापेक्षा बरीच छोटी निघेल. निघू दे. लढायचंय ते तेवढ्यासाठीच.

समजा उजव्या बाजूला असं निघालं, की अमुक नंबरचं कंपाउंड, त्यात कार्बन ब्लॅकच्या दोन ग्रेड ठरावीक प्रमाणात एकत्र, पहिल्या मिक्सिंगनंतरचं मिश्रण, म्हणजे मास्टरबॅच, ठरावीक तास ठेवून मगच दुसरं मिक्सिंग, आणि धातूच्या स्लीव्हवर अ‍ॅडेझिव्हचा थर अमुक ते अमुक मायक्रॉन, सुकवायची वेळ अमुक मिनिटं. हे सुटं सुटं कोणाला तरी माहीत असेल, पण हे असं जोडून, या आकड्यांनी, कोणी करत नाही. मग दाव्यात असंच लिहायचं, की हे घटक प्रत्येकी सर्वज्ञात असले तरी त्यांचा हा मेळ आणि हे आकडे वादीनं अमुक काळात अमुक ट्रायल घेऊन शोधले, त्याची नोंद अमुक तारखेच्या बॅच कार्डात आणि ट्रायल रजिस्टरच्या अमुक पानावर आहे, त्यानं बुशचं फटीग लाइफ, म्हणजे तो किती वेळा दाबला-सोडला तरी टिकतो ते, इतक्या सायकलवरून इतक्यावर गेलं, ही माहिती कंपनीत फक्त या तीन जणांकडं होती आणि प्रतिवादी त्यातला एक. मेळाला गुपित म्हणून संरक्षण मिळतं, पण मेळ कसला ते सांगितलं तरच. "आमची खास पद्धत" म्हणजे मेळ नव्हे.

ग्राहकांच्या यादीचं तर मला सरळ सांगायचंय, ती दाव्यातून काढून टाका. वाहनांचे पार्ट कोण विकत घेतं हे चाकणमधल्या चहावाल्याला पण माहीत आहे. दिल्ली हायकोर्टानं २००६ मध्ये अमेरिकन एक्सप्रेस बँक विरुद्ध प्रिया पुरी मध्ये ग्राहकांच्या माहितीच्या जोरावर नोकरी बदलणारीला अडवायला नकार दिला. मुंबई हायकोर्टानंही २००३ मध्ये स्टार इंडियाच्या एका प्रकरणात, नोकरीत कळलेली प्रत्येक गोष्ट म्हणजे गुपित नव्हे, असंच धरलं. तुमच्याकडं प्रत्येक ग्राहकाची रिजेक्शन हिस्टरी, टॉलरन्सच्या खास सवलती, येत्या मॉडेलचं वेळापत्रक असं काही असेल आणि तो ते शीटच घेऊन गेला असेल तर गोष्ट वेगळी, मग त्या शीटचं नाव आणि तारीख लिहा. नुसती नावं आणि फोन नंबर नकोत.

तुमची मुख्य भीती आता. कोर्टात लिहिलं तर गुपित फुटेल. ही भीती खोटी नाही, पण तिचे दोन भाग करा. ज्यानं नेलं त्याला ते माहीतच आहे, तुमचाच दावा तसा आहे, त्यामुळे त्याला सांगण्यात तुमचं नवीन काही जात नाही. म्हणूनच यादी छोटी ठेवा असं परत परत सांगतेय, कारण जे त्यानं नेलंच नाही ते पण तुम्ही "इतर" म्हणून लिहिलंत तर ते तुम्ही स्वतःच्या हातानं त्याला दिलंत. खरी भीती तिसऱ्या माणसाची आहे, जो कोर्टात नकलेचा अर्ज करेल किंवा मागच्या बाकावर बसून ऐकेल. त्याच्यासाठी सोय आहे. दाव्याच्या मुख्य मजकुरात गुपिताची ओळख लिहायची, कंपाउंड नंबर, रिव्हिजनची तारीख, प्रक्रियेचा कोणता टप्पा, त्यात काय साधलं. आकडे आणि प्रमाण वेगळ्या गोपनीय परिशिष्टात, सीलबंद लिफाफ्यात, आणि सोबत अर्ज की हे परिशिष्ट रेकॉर्डवर उघडं ठेवू नये, नक्कल कोणाला देऊ नये, समोरच्या बाजूनं फक्त वकील आणि नावं ठरलेल्या एक-दोघांनी बघावं, त्यांनी आधी गोपनीयतेचं शपथपत्र द्यावं. याला कॉन्फिडेन्शिअलिटी क्लब म्हणतात, दिल्ली हायकोर्टाच्या २०१८ च्या ओरिजिनल साइड नियमांत तर ते लिहूनच ठेवलंय. सुनावणीच्या वेळी बाहेरच्या लोकांना बाहेर बसवायचा अधिकार संहितेच्या कलम १५३बी मध्ये न्यायाधीशांना आहे.

आणि हे काही परकं नाही, याचं मोठं प्रकरण आपल्या मुंबईतलंच. एका बदनामीच्या दाव्यात साक्षीदारानं सांगितलं की माझी साक्ष पेपरात छापून आल्यानं माझ्या धंद्याचं नुकसान होतंय, आणि न्यायमूर्ती तारकुंड्यांनी त्याची साक्ष छापू नये असं सांगितलं. पत्रकार सुप्रीम कोर्टात गेले. १९६६ मध्ये नऊ न्यायमूर्तींच्या पीठानं, सरन्यायाधीश गजेंद्रगडकर होते, नरेश श्रीधर मिरजकर या केसमध्ये बहुमतानं सांगितलं की न्यायाला गरज असेल तर कोर्टाला असं करता येतं. म्हणजे धंद्याचं नुकसान टाळायला कोर्टानं दार लोटून घेणं हे जवळजवळ साठ वर्षं जुनं आहे. फक्त एक लक्षात ठेवा, लिफाफा एकट्या न्यायाधीशांनी बघावा आणि समोरच्याला दाखवूच नये अशी मागणी करू नका. सीलबंद लिफाफ्याच्या असल्या वापरावर सुप्रीम कोर्टानं २०२३ मध्ये मीडियावन वाहिनीच्या प्रकरणात कडक शब्दांत टीका केलीय, तिथं समोर सरकार होतं, पण तत्त्व तेच, ज्याच्यावर आरोप आहे त्याला उत्तर द्यायला मिळालं पाहिजे.

वापर झाला हे पण नेमकं लिहावं लागतं, इथं लोक हमखास ढिले पडतात. "त्यांचा बुश आमच्यासारखाच दिसतो" हे काही नाही, बुश बुशसारखाच दिसणार. बाजारातून त्यांचे नमुने बिल घेऊन विकत घ्या, मान्यताप्राप्त लॅबमध्ये टेस्ट करा, रिपोर्टमधल्या कोणत्या आकड्यातून तुमचा मेळ दिसतो ते लॅबवाल्याकडून लिहून घ्या. पण हे पण लक्षात घ्या की तयार माल उघडून, तपासून कोणी स्वतःच्या कष्टानं तिथं पोचला तर तो चोर नाही, त्यामुळे जे तयार मालातून कळूच शकत नाही, जसं की मास्टरबॅच किती तास ठेवायचा, ते त्यांच्याकडं कसं पोचलं हा तुमचा सगळ्यात जोरदार मुद्दा. माझ्या एका छोट्या मशीन शॉपवाल्या अशिलाची केस एका चुकीवर उभी राहिली. त्यांच्या ड्रॉइंगवर पार्टच्या नावात एक स्पेलिंग चूक होती आणि एका रेडियसचं माप चुकून जुन्या रिव्हिजनचं राहिलेलं होतं. कोर्ट कमिशनरनं, म्हणजे कोर्टानं तपासणीसाठी नेमलेल्या माणसानं, समोरच्याकडून आणलेल्या ड्रॉइंगवर तीच स्पेलिंग चूक आणि तेच चुकलेलं माप. त्यावर कोणाला फार बोलावं लागलं नाही. कमिशनर पण कोर्टानं त्यासाठीच दिला कारण आम्ही अर्जात ड्रॉइंग नंबर आणि रिव्हिजन लिहिली होती, काय शोधायचं ते त्याला माहीत होतं. "सगळे कॉम्प्युटर तपासा" म्हणून कमिशनर सहसा मिळत नाही.

कॉम्प्युटरवरून आठवलं. त्यानं जाताना स्वतःच्या जीमेलवर काही पाठवलं असेल, पेनड्राइव्ह लावला असेल, तर त्या लॅपटॉपला आता हात लावू नका, दुसऱ्या माणसाला देऊ नका, फॉरेन्सिकवाल्याकडून इमेज, म्हणजे डिस्कची हुबेहूब प्रत, करून घ्या. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू आहे, त्याच्या कलम ६३ खालचं इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र जुन्या पुरावा कायद्यातल्या ६५बी पेक्षा जास्त तपशील मागतं, त्यात हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाइल बदललेली नाही हे दाखवणारा आकडा, द्यावी लागते आणि एक भाग तज्ज्ञानं भरायचा असतो. कोणती फाइल, किती वाजता, कुठं गेली, ही तीन वाक्यं दाव्यात आली की न्यायाधीशांचा चेहरा बदलतो, मी बघितलंय.

गुपित जपायला तुम्ही काय केलं तेही लिहा, आणि खरं तेच लिहा. बॅच कार्ड कुलपात होतं का, घटकांना कोड नावं होती का, त्याच्याशी गोपनीयतेचा करार होता का. काही नसेल तर नाही म्हणून सांगा वकिलांना, उलटतपासात ते निघतंच. कंपाउंडची रेसिपी मिक्सिंग मिलच्या वर भिंतीवर चिकटवलेली मी डोळ्यांनी बघितलीय, आणि तिथं येणारा प्रत्येक टेंपोवाला ती वाचू शकत होता.

आठ महिने झालेत, आता उशीर करू नका, पण घाईनं मोघम दावा पण टाकू नका. दोन-तीन आठवडे लागतील हे नीट करायला आणि ते कोर्टाला समजावून सांगता येतं, त्या काळात नमुने घेतले, टेस्ट केली, असं तारखांसकट लिहिता येतं. व्यावसायिक दाव्यात आधी मध्यस्थीला जायचं बंधन आहे, तातडीची मनाई मागत असाल तर त्यातून सूट असते, पण तातडी खरी दिसली पाहिजे. कोणत्या कोर्टात लावायचा हे तुमच्या वकिलांशी बसून ठरवा, कमर्शियल कोर्ट्स अ‍ॅक्टमध्ये बौद्धिक संपदेची जी यादी आहे तिच्यात ट्रेड सिक्रेटचं नाव नाही, त्यामुळे दावा कोणत्या करारावर बसवताय त्यावर ते बरंचसं ठरतं.

शेवटी तुम्ही त्या दुसऱ्या प्रॉडक्टचं विचारलंय, इंजिन माउंटिंगचं, की त्याचा फॉर्म्युला पण त्यानं नेला असावा असा संशय आहे पण त्याची बॅच कार्डं सापडत नाहीत आणि ट्रायल कोणी घेतल्या ते पण आता कोणाला सांगता येत नाही. ते या दाव्यात घेऊ नका. बुशबद्दल तुम्ही जे पक्कं दाखवणार आहात त्याच्यावरचा विश्वास माउंटिंगच्या अंदाजानं कमी होईल. कार्डं सापडली, त्या प्रॉडक्टबद्दल वेगळं काही हाती लागलं, तर तेव्हा बघू. मात्र त्याच नोकरीतून, त्याच विश्वासघातातून आलेली मागणी आत्ता सोडली तर पुढं ऑर्डर २ रूल २ ची, म्हणजे सोडलेल्या मागणीसाठी नंतर वेगळा दावा लावता न येण्याची, अडचण येऊ शकते, म्हणून दावा दाखल करतानाच त्या भागापुरती कोर्टाची परवानगी मागून ठेवा, हे तुमच्या वकिलांना आवर्जून सांगा.